गाठ सैल बांधत जा

पोट तपासायला शिकवताना सगळ्यात आधी हात चोळायला शिकवतात. गार हात लागला की पोट आपोआप आखडतं आणि मग आत काय आहे ते कळत नाही. पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. गुडघे मुडपायला सांगायचं. दुखतं तिथून लांब सुरुवात करायची आणि दुखऱ्या जागेवर शेवटी यायचं. दाबताना आपल्या हाताकडे बघायचं नाही, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं.

ही शेवटची गोष्ट मला कधीच जमली नाही. मी माणसांच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघू शकत नाही. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायचे. आई म्हणायची, "बाहेर येऊन बस जरा, खाणार नाहीत तुला." कॉलेजात मी हाताकडे बघूनच सगळी पोटं तपासली आणि पास झाले. परीक्षकाला ठरलेल्या क्रमाने बोललेलं हवं असतं आणि ते इंग्रजीत असतं. इंग्रजीत मी काहीही बोलू शकते. शरीराच्या कुठल्याही भागाचं नाव इंग्रजीत घेताना माझा आवाज हलत नाही.

एमबीबीएस झाल्यावर वर्षभर मी यवतमाळच्या एका लहान धर्मादाय रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर होते. घरापासून स्कूटीवर वीस मिनिटं, लोहाऱ्याच्या बाजूला. नाव लिहीत नाही, कारण इथे जे सांगतेय त्यात रुग्णालयाचा दोष नाही. तिथे एकच सर्जन होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. आठवड्यातले दोन दिवस ते नागपूरला असत. त्या दोन दिवसांत आलेला पेशंट मी बघायचा, सगळं लिहायचं, फोनवर सांगायचं आणि सर म्हणतील ते करायचं, अशी पद्धत होती.

ती बाई अशाच एका दिवशी सकाळी आली. आर्णीच्या पुढच्या एका तांड्यावरची, साठीची. सून सोबत होती. एसटीने स्टँडपर्यंत आणि तिथून ऑटोने आल्या होत्या, आणि ऑटोच्या प्रत्येक खड्ड्याला सासू ओरडली असं सुनेने आल्याआल्या सांगितलं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"पोट दुखून राह्यलं, बाई. परवापासून. ओकाऱ्या होऊन राह्यल्या. पानी बी ठरत नाही."

"गॅस पास होतो का?"

तिने जरा विचार केला. "ग्यास हाये घरी. पन मी चुलीवरच रांधतो."

सिस्टर खदखदून हसली. "मावशी, डॉक्टरबाई इचारून राह्यल्या का वारा सरते का म्हनून."

"मंग तसं इचारा ना. कालपासून नाही सरला."

मीही हसले, पण कान गरम झाले. मी इथेच जन्मले, इथेच वाढले. पण शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी वडिलांच्या ऑफिसातली शुद्ध मराठी. भाजीवाल्याशी बोलायची वेळही आईने माझ्यावर कधी येऊ दिली नव्हती.

"परवाच म्हनलं दवाखान्यात चाल," सून म्हणाली. "आयकतच नाही. हेकट हाये लय."

"तू चूप राय वं."

मग दोघी त्यांच्या तांड्याच्या बोलीत एकमेकींशी काहीतरी बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, भांडण कळलं. मी सुनेला बाहेर थांबायला सांगितलं.

तपासायची खोली म्हणजे एक टेबल आणि दोरीवर टाकलेली जुनी चादर. ती भिंतीपर्यंत पोचायची नाही. पलीकडे एका माणसाच्या पायाचं ड्रेसिंग होतं. त्याने हाक मारली म्हणून सिस्टर तिकडे गेली. मी हात चोळले. उजव्या बाजूला उभी राहिले. तिने पदर बाजूला केला.

पोट फुगलेलं होतं. बोटांनी ठोकलं तर पोकळ वाजत होतं. स्टेथोस्कोप ठेवला तर आमच्याकडे नळ यायच्या आधी तोटीत जो आवाज होतो तसला आवाज येत होता, लांबून येऊन मोठा होणारा. याचा अर्थ मला माहीत होता. आतडं कुठेतरी अडकलंय आणि पुढे ढकलायला धडपडतंय. कुठे अडकलंय, हे शोधणं पुढचं काम. आणि आतडं अडकलेल्या प्रत्येक पेशंटच्या जांघा उघड्या करून बघायच्या, हे तिसऱ्या वर्षापासून घोकून घेतलेलं असतं. विशेषतः बायकांच्या. तिथली हर्नियाची गाठ लहान असते आणि बाई ती दाखवत नाही.

पोट फुगल्यामुळे तिने परकर पार खाली सरकवून बांधला होता. नाडीची गाठ उजवीकडे, जांघेच्या जरा वर. आता तिला विचारायला हवं होतं की जांघेत काही आहे का. तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. चादरीच्या पलीकडे दोन हातांवर तो माणूस बसलेला. मी बोट तिच्या नाडीजवळ हवेत धरलं आणि म्हणाले, "इथे... खाली... काही त्रास?"

"गाठ हाये ना, बाई. दुखते."

तिने हात नाडीवर ठेवला.

"घट्ट आहे का?"

"घट्ट झाली. पयले ढिली राहे. परवापासून घट्ट झाली, तवापासूनच तं दुखून राह्यलं."

"मग सैल बांधत जा, मावशी. पोटावर एवढं घट्ट बांधू नये."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, मी नाडीकडे बघत होते. मग ती हळूच म्हणाली, "सोडू का?"

"नको, नको. राहू द्या."

मला वाटलं, मी तिची लाज राखली. चांगल्या डॉक्टरने राखावी तशी. मी तिला पदर घ्यायला सांगितलं आणि टेबलाशी जाऊन कागद भरला. छापील कागद होता. त्यात हर्नियाच्या जागांसाठी एक ओळ होती, तिच्यापुढे मी इंग्रजीत लिहिलं, नॉर्मल. माझं अक्षर चांगलं आहे.

सरांना फोन लावला. त्यांनी क्रमाने विचारलं, मी क्रमाने सांगितलं.

"जांघा बघितल्यास?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो, सर. दोन्ही बाजू. नॉर्मल."

त्या वेळी मला हे खोटं वाटलंही नाही. नसणारच काही, असं वाटलं. सर म्हणाले, आधीचं काही ऑपरेशन नाही, हर्निया नाही, म्हणजे घाई नको. नाकातून नळी घाल, सलाईन लाव, एक्स-रे काढ, उद्या मी येतोच. तसं मी सगळं नीट केलं. दुपारी दोनदा जाऊन बघितलं. नळीतून हिरवं पाणी येत होतं. ती कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. एक्स-रे खिडकीशी धरून बघितला, कागद वाचला, खाटेशी गेले. "परकर सोडा, मावशी," ते सरळ म्हणाले. सिस्टरने पडदा धरला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. उजव्या जांघेत सुपारीहून मोठी गाठ होती, वरची कातडी लाल चकाकणारी. सरांनी बोट टेकवलं तेव्हा बाईने वरचा श्वास वरच धरला.

सर माझ्याकडे वळले. "हे काल नव्हतं?"

मी मान हलवली. कुठल्या दिशेने, हे मलाही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी ती "नव्हतं" अशी घेतली.

"मावशी, एवढी गाठ आहे आणि सांगता येत नाही?" सर म्हणाले.

"सांगतलं ना जी."

"कोणाला?"

तिने नाकात नळी असल्यामुळे मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे फिरवले.

"ह्या डॉक्टर आहेत, मावशी. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी बघितलं नसतं का?" सर रागावले नव्हते. समजावून सांगत होते. सिस्टर म्हणाली, "असंच करतात सर ह्या. लपवतात अन् मंग म्हनतात सांगतलं होतं." सून म्हणाली, "घरी बी हेच हाये जी."

आणि मी तिथेच, खाटेच्या पायथ्याशी, हातात बीपीचं यंत्र घेऊन उभी होते. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की गाठ म्हणजे कुठली गाठ.

ऑपरेशनला मी मदतीला होते. आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. तो कापून टोकं जोडावी लागली. आदल्या दिवशीच मोठ्या रुग्णालयात पाठवली असती तर कदाचित नुसतं आत ढकलून शिवता आलं असतं, असं सर मास्कच्या आडून म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. मग म्हणाले, "पेशंटच लपवतो म्हटल्यावर आपण काय करणार." मी जखमेच्या कडा ओढून धरल्या होत्या.

ती वाचली. पण बरी व्हायला वेळ लागला. टाक्यांतून दोन दिवस पाणी आलं, ताप आला. या सगळ्या दिवसांत सून खाटेशेजारी खाली बसून यायच्या-जायच्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची.

"चार वर्सं झाले म्हने गाठीले. नवऱ्याले नाही सांगतलं, पोराले नाही, मले नाही. अन् आता म्हनते डॉक्टरनीले सांगतलं. काहून वं याडी? आमी काय परके होतो?" याडी म्हणजे आई, सून सासूला तसंच म्हणायची. एकदा तिने मलाच विचारलं, "बाई, तुमीच सांगा. हिनं सांगतलं अन् डॉक्टरनीनं पाह्यलंच नाही, असं होते का कधी?"

मी नाडी मोजत होते. मोजून झाली तरी मनगट सोडलं नाही.

"आता ताप नाही," मी म्हणाले.

"पाह्य," सून सासूला म्हणाली. "त्याईच्या तोंडाकडं पाह्य. बिचाऱ्या काही बोलत बी नाही तुले."

चार वर्षं तिने ती गाठ कोणाला दाखवली नव्हती हे खरं होतं. उभं राहिलं की बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची, म्हणून तिने चालवून घेतलं. ज्या दिवशी पहिल्यांदा तिने तोंडाने कोणाला सांगितलं, तो दिवस माझ्या टेबलावरचा. हे मला सुनेच्या त्या रोजच्या तक्रारीतूनच कळलं.

सून चहा आणायला गेलेली असताना एका सकाळी बाईने मला हाक मारली. "ए पोरी."

मी जवळ गेले.

"तू मले म्हनलं, सैल बांधत जा."

मी तिच्या चादरीची घडी सरळ केली.

"मी रातभर इचार केला, हे पोरगी काय म्हनून राह्यली. आंगातली गाठ कोनी बांधते का? मंग नाडीवर हात गेला न् ध्यानात आलं." ती हसली आणि टाक्यांना हात लावून लगेच थांबली. "शिकेल-सवरेल पोरगी, म्हनलं, मराठी येत नाही का हिले?"

"चुकलं माझं, मावशी."

"चुकते मानूस. थे सोड. मले एकच पाह्यजे." तिने दाराकडे बघितलं. "सुनेले सांगून दे एकडाव. मी सांगतलं होतं म्हना. बस. तांड्यात बायाईचं भांडन झालं का मलेच बलावते. कोन खरं, कोन खोटं, थे मी सांगतो. आता मीच खोटी म्हनून घरी जाऊ का?"

"सांगते," मी म्हणाले.

त्या दिवशी सांगितलं नाही, कारण सून आली तेव्हा सिस्टर तिथे होती. दुसऱ्या दिवशी खोलीत शेजारच्या खाटेचे नातेवाईक होते. तिसऱ्या दिवशी कोणीच नव्हतं. बाई माझ्याकडे बघत राहिली. मी सलाईनचे थेंब मोजले आणि पुढच्या खाटेकडे गेले. नंतर तिने बघणंही सोडलं. औषध द्यायला गेले की ती तळहात पुढे करायची, गोळ्या घ्यायची, आणि भिंतीकडे तोंड करायची.

सुनेला सांगायचं तर आधी सरांना सांगायला हवं, नाहीतर तिच्याकडून त्यांच्या कानावर जाईल, असा मी हिशेब केला. वाक्य घरी आरशासमोर पाठ केलं, अर्थात इंग्रजीत. घरी जायच्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत गेले. ते काहीतरी सही करत होते.

"ये, ये. तुझ्याबद्दल मी कालच ट्रस्टींशी बोललो. शांत मुलगी आहे, म्हटलं, कामाला पक्की. नाहीतर हल्लीची पोरं बडबड फार करतात. पीजीसाठी पत्र हवं असेल तर सांग." मग त्यांनी बाईचा कागद पुढे ओढला. "आणि त्या आर्णीच्या मावशीचं डिस्चार्ज कार्ड करून टाक. गाठीबद्दल पेशंटने माहिती दिली नाही, त्यामुळे निदानाला उशीर, एवढं लिही. उद्या कोणी विचारलं तर कागदावर असावं. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

ते काय म्हणतायत हे मला नीट कळलं. कदाचित त्यांनाही सगळं कळलं होतं. मी आजही ठरवू शकत नाही.

"हो, सर," मी म्हणाले.

कार्ड मी वॉर्डातल्या टेबलावर लिहिलं. ते वाक्य इंग्रजीत सात-आठ शब्दांचं होतं. लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं. व्याकरणात चूक नव्हती.

बाई खाटेवर तयार होऊन बसली होती, लुगडं नेसून, केस विंचरून. सून पिशव्या बांधत होती. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, जड उचलायचं नाही, कापसाचं गाठोडं तर मुळीच नाही, टाके काढायला आठ दिवसांनी या. तिने कार्ड हातात घेतलं. उलटं धरलं होतं, ते सुलटं केलं.

"काय लिवलं याच्यात?"

"गाठ होती, ती अडकली, ऑपरेशन करून आतड्याचा तुकडा काढला. औषधं लिहिलीत."

"मी सांगतलं होतं, थे लिवलं का?"

सून पिशवीची गाठ मारता मारता थांबली. वॉर्डात आणखी कोणी ऐकत नव्हतं. या वेळी मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिला माझ्याकडून पैसे नको होते, माफी नको होती, तक्रारही करायची नव्हती.

"हो," मी म्हणाले. "लिहिलंय."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघायला नको होतं. ती सुनेकडे वळली. "आयकलं? लिवलं हाये म्हने. डॉक्टरनीनं सोताच्या हातानं लिवलं."

सून ओशाळली. "खरंच का, बाई?" मला विचारून तिने उत्तराची वाटही बघितली नाही. कार्ड सासूच्या हातातून घेऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवलं. "बरं झालं. घरी गेल्यावर पोरीले वाचाले लावतो. आर्णीले इंग्लिश मिडियमले हाये ना माही पोरगी, फडाफडा वाचते. तिच्या बापाले बी आयकवते. उगाच बोललो मी एवढे दिवस."

"मंग?" बाई म्हणाली. "मी म्हनत नव्हतो?"

पिशवी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. "द्या जरा, एक राहिलंय" एवढं म्हणायचं होतं. पेनही हातात होतं. त्या दोघी एकमेकींचा हात धरून सावकाश दारापर्यंत गेल्या. सुनेने चप्पल सरळ करून सासूच्या पायापुढे ठेवली. बाहेर ऑटोवाला "आर्णी फाटा का स्टँड?" असं ओरडून विचारत होता.

आठव्या दिवशी माझी ड्यूटी टाके काढण्याच्या खोलीत होती. ती मी दुसऱ्या डॉक्टरशी बदलून घेतली. त्या डॉक्टरने कारण विचारलं, मी डोकं दुखतंय म्हणाले. संध्याकाळी रजिस्टर टेबलावर उघडंच पडलं होतं. ती बाई आली होती की नाही, हे त्यात एका नजरेत कळलं असतं. मी ते मिटून कपाटात ठेवलं.